उत्तर बरोबर, पण पायऱ्यांचे काय?

मोटारशर्यतीचा एखादा नवा सिम्युलेटर बाजारात आला की त्याच्या कौतुकात एक वाक्य हमखास ऐकू येते. अमुक सर्किटवर खऱ्या ड्रायव्हरला एका फेरीला जेवढी वेळ लागली, तेवढीच आमच्या पडद्यावरच्या गाडीलाही लागते; तेव्हा आमची गाडी अगदी खरी! खेळणारी मुलेही याच मापाने मोजतात. वेळ जुळली की सिम्युलेटर पास, दोन सेकंदांचा फरक पडला की नापास. हा युक्तिवाद मी घरातल्या आणि शेजारपाजारच्या मुलांकडून वर्षानुवर्षे ऐकतो आहे, आणि दर वेळी मला शाळेतले गणिताचे मास्तर आठवतात. शेवटचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळले म्हणून ते कधी पूर्ण मार्क देत नसत. आधी पायऱ्या बघत. दोन ठिकाणी चुकूनही उत्तर बरोबर येऊ शकते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. फेरीची वेळ, म्हणजे शर्यतवाल्यांच्या भाषेत ‘लॅप टाइम’, हे शेवटचे उत्तर आहे. गाडी वळणात कशी वागते, घसरण्याआधी काय सांगते आणि घसरल्यावर किती सावरू देते, या पायऱ्या आहेत. खरेपणा तपासायचा तर पायऱ्या तपासायला हव्यात. आणि त्यांतली एक पायरी अशी आहे, की ती कोणत्याही सिम्युलेटरमध्ये सापडत नाही. ती घरच्यांनीच शिकवावी लागते.

ज्यांच्या घरात हे चाक अजून शिरलेले नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. साध्या व्हिडिओ गेममध्ये गाडी पडद्यावर हवी तशी पळते. सिम्युलेटरमध्ये मात्र गाडीचे वजन, स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, टायर, हवेचा रेटा हे सारे गणितात मांडलेले असते आणि संगणक सेकंदाला शेकडो वेळा तो हिशेब नव्याने करतो. पुढ्यात खरोखरीच्या गाडीसारखे स्टिअरिंग आणि पायाशी पेडल असतात. स्टिअरिंगमागची मोटर त्या हिशेबाप्रमाणे हाताला झटके आणि ताण देते. या कलेचा इतिहास आता साडेतीन दशकांहून मोठा झाला आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या पपायरस या कंपनीने इंडियानापोलिसच्या शर्यतीचा सिम्युलेटर काढला. पुढे ब्रिटनच्या जेफ क्रॅमंडने फॉर्म्युला वनचा काढला. १९९८ मध्ये पपायरसनेच १९६७ सालच्या मोसमावर ‘ग्रां प्री लेजंड्स’ केला. जाणकार त्याचे नाव आजही आदराने घेतात. पपायरसच्या संस्थापकांपैकी डेव्हिड केमरने पुढे उभारलेले ‘आयरेसिंग’ २००८ मध्ये सुरू झाले. त्यात सर्किट लेसर किरणांनी मोजून घेतात, त्यामुळे रस्त्यावरचे बारीक उंचवटेसुद्धा पडद्यावर येतात.

माझी सारी नोकरी मोटारींच्या सस्पेन्शन विभागात गेली. त्यामुळे या खेळाकडे मी खेळाडूच्या नजरेने कमी आणि कारागिराच्या नजरेने जास्त पाहतो. कारागिराला पहिला प्रश्न पडतो तो असा : फेरीची वेळ मुळात बनते कशाची?

वळणात गाडी किती वेगाने जाऊ शकेल हे टायरच्या पकडीवर ठरते. पकड एक टक्का वाढली तर वेग साधारण अर्धा टक्का वाढतो, कारण वेगाचा वर्ग पकडीच्या प्रमाणात असतो. दीड मिनिटाच्या फेरीत हा फरक, जास्तीत जास्त धरला तरी, अर्ध्या सेकंदाच्या आतच येतो. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण फॉर्म्युला वनमध्ये तेवढ्यात चार-पाच जागांची उलथापालथ होते. आता समजा, सिम्युलेटर करणाऱ्याने टायरची पकड तीन टक्के जास्त धरली आणि इंजिनाची ताकद थोडी कमी धरली. वळणात गाडी जरा जास्त वेगाने जाईल, सरळ रस्त्यावर जरा मागे राहील, आणि फेरीची वेळ तंतोतंत जुळेल! दोन्ही आकडे चुकलेले, उत्तर मात्र पुस्तकाबरहुकूम. म्हणून वेळ जुळणे हा पुरावा मी फार हलका मानतो.

याहून मोठी अडचण टायरमध्ये आहे. दीड टनाची गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेत. वळताना टायरचे तोंड ज्या दिशेला असते, नेमक्या त्याच दिशेला तो जात नाही. किंचित तिरका सरकत जातो. हा तिरकेपणा वाढेल तशी पकड वाढते, एका शिखराला पोचते आणि तिथून पुढे उतरू लागते. शिखराच्या अलीकडे गाडी ड्रायव्हरच्या हातात असते. पलीकडे गेली की ती घसरू लागते आणि तिला परत आणण्याचे कसब लागते. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातले प्राध्यापक हान्स पाचेइका यांनी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात ही चढ-उताराची रेघ एका सूत्रात बसवली. त्या सूत्राला लोक ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात. जादू एवढ्यासाठी, की ते रबराच्या शास्त्रातून पायरीपायरीने निघालेले नाही. चाचणीत मिळालेले आकडे मात्र त्यात सुरेख बसतात. अनेक सिम्युलेटरांनी याच सूत्राचा आधार घेतला.

आता गंमत पाहा. चाचणीच्या यंत्रावर टायर फार तिरका धरून फार वेळ फिरवता येत नाही. तो तापतो, झिजतो आणि मोजमाप बिघडते. म्हणजे शिखरापर्यंतचा चढ भरवशाने मोजता येतो, पलीकडच्या उताराबद्दल मात्र बरेचसे अंदाजाने भरावे लागते. आणि उत्तम फेरी कोणती? जिच्यात गाडी शिखराच्या आसपास राहिली, पलीकडे कोसळली नाही ती. मग त्या फेरीच्या वेळेवरून पलीकडच्या उताराबद्दल काय कळणार? काहीच नाही. ज्या भागात खऱ्या-खोट्याची परीक्षा व्हायची, त्या भागात चांगली फेरी पाऊलच टाकत नाही. वेळ जुळली म्हणून हाताळणी खरी असे म्हणणाऱ्यांनी या मुद्द्याचा जरूर विचार करावा.

काही सिम्युलेटरांत शिखर ओलांडले की गाडी ओल्या फरशीवरच्या साबणासारखी सटकते. चाक कितीही फिरवा, उपयोग नाही. काहींत उलटे असते : गाडी आडवी झाली तरी रुळांवरून चालावी तशी शांतपणे घसरत राहते. खरा टायर या दोहोंच्या मधला आहे. शिखर ओलांडल्यावर तो पकड गमावतो, पण सगळी नाही. वेळेवर आणि बेताने उलटे स्टिअरिंग दिले तर गाडी सावरते. जास्त दिले तर तीच पकड अचानक परत येऊन गाडीला दुसऱ्या बाजूला भिरकावते. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत घाटातल्या वळणावर ज्यांची गाडी हलकेच सरकून परत जागेवर आली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

माझ्या भाच्याने पहिल्या काही पगारांतून साठवून चाक-पेडलांचा संच घेतला आहे. त्याच्याकडे गेलो की तो मला बसवतो आणि पाच मिनिटांत वैतागतो. ‘मामा, तुम्ही एक फेरी तरी पूर्ण करा ना!’ मी म्हणतो, ‘अरे, फेरी पूर्ण करायला तू आहेस. मला गाडीला प्रश्न विचारू दे.’ माझे प्रश्न ठरलेले असतात. वेगात वळणात शिरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर काय होते? खऱ्या गाडीत वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाहेर पडू पाहते. ब्रेक दाबून धरत वळवले तर? पुढच्या टायरना एका वेळी दोन कामे होतात, दोन्ही अर्धवट राहतात आणि गाडी नाकासमोर जात राहते. आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न : पुढची पकड सुटण्याआधी स्टिअरिंग हलके होते का? खऱ्या गाडीत ते होते. टायर स्टिअरिंगला सरळ करायला जो जोर लावत असतो तो, वळवणारी पकड शिखराला पोचण्याच्या आधीच, कमी होऊ लागतो. जुने ड्रायव्हर म्हणतात, चाक हातात ‘रिकामे’ झाले. गाडी घसरणार याची ती सूचना असते. चांगला सिम्युलेटर ही सूचना देतो. वाईट सिम्युलेटर नुसताच थरथरतो. या तीन प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली, तर वेळेत दोन सेकंदांचा फरक पडला तरी मी त्याला वरचे मार्क देतो.

वेळेचे माप फसवे असण्याला दुसरे कारण आहे माणूस. १९६७ च्या जर्मन ग्रां प्रीसाठी जिम क्लार्कने लोटस गाडीतून नुर्बुर्गरिंगवर ८ मिनिटे ४.१ सेकंदांची फेरी मारून पहिले स्थान मिळवले. जवळजवळ तेवीस किलोमीटरची, जंगलातून चढ-उतारांवरून जाणारी ती वाट. गाडीला हवेने दाबून धरणारे पंख नाहीत, टायर अरुंद, इंजिन सुमारे चारशे अश्वशक्तीचे आणि गाडीचे वजन जेमतेम पाचशे किलो. ‘ग्रां प्री लेजंड्स’मध्ये हीच वाट घरबसल्या आठ मिनिटांच्या आत पार करणारे पुष्कळ निघाले. म्हणून काही जण म्हणतात, सिम्युलेटर खोटा. मला तसे वाटत नाही. क्लार्कला सरावाच्या मोजक्या फेऱ्या मिळाल्या होत्या. घरच्या खेळाडूने त्याच वाटेवर वर्षे घालवलेली असतात, हजार वेळा गाडी झाडांवर आपटलेली असते आणि हजार वेळा बटण दाबून नव्याने सुरुवात केलेली असते. क्लार्कच्या गाडीला ते बटण नव्हते. त्याच १९६७ च्या मोसमात मोनॅकोला फेरारीच्या लोरेन्झो बांदिनीची गाडी आपटून पेटली आणि तीन दिवसांनी तो गेला. पुढच्या वर्षी ७ एप्रिलला हॉकेनहाइमच्या शर्यतीत क्लार्क स्वतः गेला. ज्या माणसांना हे ठाऊक होते, त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबला जात असेल याचे गणित अजून कुणी बसवलेले नाही.

भीतीची किंमत सेकंदांत दाखवणारे एक उदाहरण मोटारवेड्यांना चांगले आठवत असेल. २००५ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसनने ‘ग्रॅन टुरिस्मो ४’ या खेळात होंडा एनएसएक्स गाडीने कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका सर्किटची फेरी १ मिनिट ४१ सेकंदांत मारली. मग तीच गाडी घेऊन तो खऱ्या सर्किटवर उतरला. सारा जोर लावून वेळ आली १ मिनिट ५७ सेकंद. सोळा सेकंदांचा फरक! यात गाडीच्या गणिताचा वाटा असेलही, पण सगळे सोळा सेकंद गणिताच्या माथी मारता येणार नाहीत. त्या गाडीत बसून मुरलेला शर्यतपटू यातले बरेच सेकंद परत मिळवील. फेरीची वेळ गाडीला मोजते तशी चालवणाऱ्यालाही मोजते, आणि दोन्ही मापे एकाच आकड्यात मिसळून जातात.

मग सिम्युलेटर निव्वळ करमणूक आहे का? मुळीच नाही. १९९६ मध्ये जॅक विलनव्ह फॉर्म्युला वनमध्ये नवा होता. बेल्जियममधल्या स्पा या अवघड सर्किटची ओळख त्याने संगणकावरच्या खेळातून करून घेतली, अशी तेव्हा सर्वत्र चर्चा होती. तिथे त्याने शर्यतीसाठीचे पहिले स्थान पटकावले. २००९ पासून फॉर्म्युला वनमध्ये मोसम चालू असताना गाड्यांच्या चाचण्यांवर कडक मर्यादा आल्या आणि बड्या संघांनी आपापल्या सिम्युलेटरांवर पाण्यासारखा पैसा ओतला. ते लोक भाबडे नाहीत. उपयोग नसता तर त्यांनी दमडी खर्च केली नसती. आणि सर्वांत मोलाचे उदाहरण स्पेनच्या लुकास ऑर्डोन्येझचे. निस्सान आणि ‘ग्रॅन टुरिस्मो’वाल्यांनी २००८ मध्ये घेतलेली ‘जीटी अकॅडमी’ ही स्पर्धा तो जिंकला. घरात खेळणारा हा विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन खऱ्या गाडीत बसला आणि २०११ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या चमूत होता. मोटारशर्यत हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ. लहानपणापासून कार्टिंगवर पैसे ओतणारा बाप नसेल तर दार बंद. ते दार सिम्युलेटरने थोडे किलकिले केले, याचे मला फार अप्रूप आहे.

पण आता त्या राहिलेल्या पायरीकडे येतो. त्याच स्पर्धेचा २०११ चा विजेता ब्रिटनचा यान मार्डनबरो. त्याच्यावर २०२३ मध्ये चित्रपटही निघाला. २८ मार्च २०१५ रोजी नुर्बुर्गरिंगवरच्या शर्यतीत एका उंचवट्यावर त्याची गाडी हवेत उचलली गेली, कुंपणावर जाऊन पडली आणि एक प्रेक्षक ठार झाला. यात दोष कुणाचा, हा माझा विषय नाही. माझ्या मनात राहतो तो एवढाच विचार, की त्या उंचवट्यावर पडद्यातली गाडी असंख्य मुलांनी असंख्य वेळा उडवली असेल आणि प्रत्येकाने बटण दाबून पुन्हा सुरुवात केली असेल. पडद्याच्या कुंपणामागे कुणाचे घर उघडे पडत नाही.

दुसरे उदाहरण ऐकायला मजेदार आहे, पण बोध तोच. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेत मार्टिन्सव्हिलच्या नॅसकार शर्यतीत शेवटची फेरी चालू होती. कलिंगडाची शेती करणाऱ्या कुटुंबातला रॉस चास्टेन दहावा होता आणि पुढच्या टप्प्यात जायला त्याला दोन-तीन गाड्या मागे टाकायला हव्या होत्या. त्याने शेवटच्या वळणात ब्रेक लावलाच नाही. गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि भिंतीला घासत, ठिणग्या उडवत पाच गाड्या मागे टाकल्या. फेरीची वेळ १८.८४५ सेकंद, त्या सर्किटवर तशा गाडीची तोवरची सर्वांत वेगवान. ही युक्ती कुठली? लहानपणी खेळलेल्या ‘नॅसकार २००५’ या व्हिडिओ गेममधली, असे त्याने स्वतःच सांगितले. म्हणजे तो बाळबोध खेळसुद्धा या एका बाबतीत खरा ठरला! भिंत गाडीला वळवते, हे गणित बरोबर होते. इतकी वर्षे सहसा कुणी ते वापरत नव्हते, कारण खरी गाडी मोडते, माणूस जखमी होतो, कुंपण तुटले तर प्रेक्षकांवर येते. पुढच्या जानेवारीत नॅसकारने जाहीर केले, की अशी चाल यापुढे सुरक्षेच्या नियमाखाली दंडास पात्र ठरेल. हाताळणीचे उत्तर खेळात होते. किमतीची पायरी नियमाने बाहेरून जोडावी लागली.

ही किमतीची पायरी कुठलाही सिम्युलेटर शिकवू शकत नाही, आणि त्याने ती शिकवावी अशी अपेक्षाही नको. खुर्ची खुर्चीच राहते. फॉर्म्युला वनच्या गाडीत ब्रेक लावताना ड्रायव्हरला आपल्या वजनाच्या चार-पाच पट ओढ बसते. साध्या गाडीतही शेपूट सुटू लागल्याचे डोळ्यांच्या आधी कंबरेला कळते. घरच्या खुर्चीत कंबर स्वस्थ असते. समोरून चुकीच्या बाजूने येणारा दुचाकीवाला नाही, रस्त्यात बसलेली म्हैस नाही, पोरगी हात सोडवून धावली असे कधी होत नाही.

म्हणून आईवडील मला विचारतात, ‘मुलाला हे चाक घेऊन द्यावे का?’ तेव्हा मी सांगतो, परवडत असेल तर खुशाल द्या. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती चोरून खऱ्या गाडीची किल्ली देणाऱ्या बापापेक्षा हे चाक देणारा बाप शतपटीने शहाणा. वजन कुठे सरकते, टायर किती सोसतो, ब्रेक आणि वळण एकत्र का मागू नये, हे पुस्तकातून शिकायला महिने लागतात. चांगल्या सिम्युलेटरवर ते आठवड्यात अंगवळणी पडते. फक्त दोन गोष्टी करा. संध्याकाळी त्याला ‘आज किती सेकंदांत?’ असे विचारू नका. ‘आज कुठे घसरलास, आणि का?’ असे विचारा. उत्तर नीट देता आले तर समजा, पोरगा शिकतो आहे. आणि आठवड्यातून एक दिवस घरचा नियम करा : गाडी एकदा ठोकली की त्या दिवसापुरते चाक बंद. पुन्हा सुरुवातीचे बटण नाही. त्या दिवशी त्याच्या फेऱ्या किती सावकाश होतात ते शेजारी बसून पाहा. वेळ दोन-चार सेकंदांनी वाढेल. त्यालाही वाढल्याचे वाईट वाटेल. वाटू द्या. पुढे खऱ्या रस्त्यावर त्याला लागणार आहे ती याच फेरीतली सवय.

घड्याळ वेळ सांगेल, तेवढेच त्याचे काम. पायऱ्या तपासायला घरातलेच कुणीतरी शेजारी बसायला हवे.